पंधरा किलोंत दोघींची थंडी

मार्चच्या भर दुपारी नवी मुंबईत एखाद्या बाईला लोकरी स्वेटर घालून बघायला लावणं हा गुन्हा असेल, तर तो मी केला आहे. एकदा नाही, चार वेळा. पंखा पाचावर, खिडकीतून खाडीची चिकट हवा, आणि पलंगावर माझ्या सासूबाई, डोकं स्वेटरच्या गळ्यात अडकलेलं, दोन्ही हात वर. आतून आवाज येत होता, "काढ गो, काढ! बर्फ ऱ्हायला बाजूला, मी हितंच शिजतंय."

मी स्वेटर खाली ओढत होते, त्या वर ओढत होत्या. तो मापाचा आहे की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सासूबाई इथल्याच, करावे गावच्या. माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या आळीत. तीस-बत्तीस वर्षं बाजारात बसून मासळी विकली. आता गुडघ्यांमुळे बसत नाहीत, पण अजून गल्लीतल्या कुणीही कोळंबी आणली तरी ती आधी यांच्यापुढे येते आणि ताजी की शिळी याचा निकाल लागतो. थंडी हा प्रकार त्यांना ऐकून माहीत. आमच्याकडे थंडी पडली म्हणजे जानेवारीत चार दिवस पंखा तीनवर. अशा या बाईने आणि तिच्या आठ मैत्रिणींनी ठरवलं की हिमाचलात जाऊन बर्फ बघायचा. आठवडाभराची सहल, शिमग्यानंतर निघायचं आणि पाडव्याच्या आत घरी.

कुणी म्हणेल, जाऊ द्यावं की, कपड्यांचं काय एवढं. तर गेल्या श्रावणात सासूबाईंना न्यूमोनिया झाला होता. अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले चार ऑक्सिजनवर. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती गार होऊ द्यायची नाही, पुन्हा असं झालं तर अवघड जाईल. नवरा उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात पाळीवर असतो. सहलीचं नाव काढताच त्याने सरळ "नाही" म्हटलं. भांडले ते मी. कारण दवाखान्यात नाकात नळी असताना या बाईने मला खूण करून जवळ बोलावलं होतं आणि मी घाबरून वाकल्यावर विचारलं होतं, "बर्फ हातात घेतला का चटका बसतो बोलतात, खरा काय गो?" मरणाच्या दारात माणूस हे विचारत असेल तर त्याला पाठवायला नको का?

डॉक्टरांना पुन्हा जाऊन विचारलं. ते म्हणाले, जाऊ देत, पण अंगावर तीन थर हवेत, छाती-पाठ दिवसभर झाकलेली हवी, ओलं व्हायचं नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या भरवशावर पाठवतोय. काही झालं तर मी कोणाला विचारू?"

"मला विचार," मी म्हणाले. हे दोन शब्द बोलायला सोपे होते. पुढचे पंधरा दिवस मी ते फेडत होते.

मी मूळची साताऱ्याकडची. थंडी म्हणजे काय हे मला कळतं असा माझा समज होता. शाळेत शिकवते, त्यामुळे सांगितलेलं समोरच्याला समजतं असाही एक समज होता. दोन्ही त्या पंधरा दिवसांत गेले. एकीकडे परीक्षा, घरात पेपरांचे गठ्ठे, आणि दुसरीकडे पलंगावर उघडी पडलेली बॅग. मी रोज सकाळी चहाआधी मोबाईलवर तिकडचं हवामान बघायची. सोमवारी दाखवायचं, ऊन. मंगळवारी त्याच दिवसाला पाऊस. बुधवारी बर्फ, तेही रात्री नाही, दुपारी. गुरुवारी पुन्हा चक्क ऊन, आपल्याकडच्या डिसेंबरसारखं. मी जाड कपडे काढून पातळ ठेवायची, पातळ काढून जाड ठेवायची. शेवटी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरीणबाईंना गाठलं. त्या डोंगराकडच्या, तिकडच्याच. त्यांनी माझा मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "दीदी, वहाँ मार्च का कोई भरोसा नहीं. सुबह धूप, दोपहर में ओले. आंटीजी को अंदर से इनर पहनाओ, ऊपर का उतारती-पहनती रहेंगी."

एवढंच नाही, त्यांनी स्वतःचं लाल जाकीट दिलं, लोकरीचे मोजे दिले आणि दोन जोड इनर दिले. पातळ, राखाडी, अंगाला चिकटणारे. मला वाटलं प्रश्न मिटला.

पण गाठ आमच्या गल्लीशी होती.

आमच्याकडे हळदीला गल्लीतल्या सगळ्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. ही रीत आहे, आणि ती मला आवडते. मांडवात पन्नास बायका एका रंगात नाचायला लागल्या की डोळ्यांचं पारणं फिटतं. पण ही रीत विमानाने हिमाचलात न्यायची काही गरज होती का? होती. देवळाच्या ओट्यावर मीटिंग झाली. सात दिवसांचे सात रंग ठरले, एकाच दुकानातून साड्या आल्या. बर्फाच्या दिवशी जांभळा, कारण पांढऱ्यावर जांभळा उठून दिसतो. आणि शेवटी ठराव असा झाला की साडीवर स्वेटर घालायचा नाही. फोटोत साडी दिसली पाहिजे.

"आई, तिकडे शून्याच्या खाली जातं," मी सांगितलं.

"जाऊं दे. फोटो काडाला किती टाइम लागतो?"

मी त्या नऊ जणींना ओळखते. एक फोटो काढायला त्यांना पाऊण तास लागतो. त्यात एकीचे डोळे मिटतात, एकीचा पदर उडतो, आणि जिने मोबाईल धरलाय तिचं बोट भिंगावर असतं.

त्या मीटिंगला नऊच्या नऊ जणी होत्या, पण एक गप्प बसली होती म्हणे. ती सासूबाईंची सगळ्यांत जुनी मैत्रीण, मी त्यांना मावशी म्हणते. बाजारात दोघींच्या पाट्या शेजारी-शेजारी असायच्या. अंगाने काटकुळ्या, बोलायला कमी, विधवा. त्यांच्या मुलाने साफ नाही म्हणून सांगितलं होतं. "या वयात बर्फ कशाला, घरात फ्रीज हाय," हे त्याचं वाक्य गावभर झालं. मी ते ऐकलं तेव्हा संतापले होते. किती आडमुठा माणूस! आईने जन्मभर उन्हापावसात राबून याला मोठं केलं आणि हा तिला फ्रीज दाखवतोय. आपण कसं आपल्या सासूला पाठवतोय, म्हणून मनातल्या मनात थोडी पाठही थोपटून घेतली होती. मावशींचं तिकीट रद्द केलं असं मला सांगण्यात आलं.

मग बॅग भरायला घेतली. टूरवाल्याचा नियम, बॅग पंधरा किलो, वर एक ग्रॅम नाही. मी खाली इनर, मग स्वेटर, बाजूने मोजे, वर साड्या, सगळ्यांत वर औषधं अशी लावली. सासूबाईंनी त्यात सुकटीचा डबा घातला. मी काढला. त्यांनी परत घातला. "तिकडं काय खानार? पराठं?" मी म्हटलं, ते जाकीट मागून आणलंय, बोंबलाच्या वासाचं परत द्यायचं का? तर म्हणाल्या, सुकट हाय, बोंबील नाय. या युक्तिवादापुढे मी हात टेकले.

त्यांना वजन करायला काटा लागत नाही. बॅगेचा कान धरून त्यांनी ती वीतभर उचलली, क्षणभर तशीच धरली आणि म्हणाल्या, "सोला आनि वर अर्दा." भाडेकरीणबाईंच्या लटकत्या काट्यावर लावली. साडेसोळा. मला कळेना, सात साड्या, दोन स्वेटर, जाकीट, मोजे, एवढ्यात साडेसोळा कसे होतात? पण समोर पेपरांचा गठ्ठा होता, सकाळी पर्यवेक्षणाला जायचं होतं. मी म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर एक स्वेटर खुंटीवर. मी तो परत भरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोजे कपाटात. भरले. तिसऱ्या दिवशी दोन्ही स्वेटर उशाखाली. ये रे माझ्या मागल्या! मी ओरडले. तीनदा ओरडले त्या आठवड्यात, आणि तिन्ही वेळा एकच धमकी दिली, "आई, गरम कपडे काढलेत तर मी तिकीट रद्द करीन. मला काय, एक फोन करायचाय." सासूबाई कोळंबी सोलत बसायच्या. बाजारात गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, त्या अशाच बसायच्या, असं मला नवऱ्याने सांगितलं होतं. गिऱ्हाईक दमून जायचं.

निघायच्या दोन दिवस आधी मी घरी आले आणि बॅग उघडली, तर गरम कपडे नव्हतेच. खुंटीवर नाही, कपाटात नाही, उशाखाली नाही. इनर नाहीत, जाकीट नाही. मागून आणलेलं जाकीट! सासूबाई देवळाच्या ओट्यावर गेल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. मी बॅग पलंगावर उलटी केली.

पिवळ्या साड्या दोन. हिरव्या दोन. गुलाबी दोन, जांभळ्या दोन. चौदा साड्या होत्या. चौदा पोलकी होती, सात सासूबाईंच्या मापाची, मी स्वतः शिवायला टाकलेली, आणि सात अशी अरुंद की त्यात सासूबाईंचा एक दंडही गेला नसता. मी एक पोलकं हातात धरून उभी राहिले. गल्लीत एवढं बारीक अंग एकाच बाईचं आहे.

सासूबाई आल्या. पलंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या आणि खाली बसल्या.

"मावशी चालल्यात," मी म्हणाले.

"चालली हाय."

"घरी काय सांगितलंय?"

"उरनला भैनीकडं जातंय बोलून सांगितलाय. तिकीट रद्द नाय केला. आदार कार्ड बटव्यात घालून ठेवलाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशींच्या वाट्याच्या साड्या पहिल्या दिवसापासून आमच्या घरात होत्या, दिवाणाखाली; मी बॅग भरून पाठ वळवली की त्या आत गेल्या होत्या. मावशी घरून निघणार फक्त एक कापडी पिशवी घेऊन. आणि गरम कपड्यांचं काय, या माझ्या प्रश्नावर सासूबाई म्हणाल्या, "उरनला जानारी बाय शिमग्यानंतर स्वेटर कनाला नेल? पोरगा लगेच समजल." हे बरोबर होतं. घामाच्या धारा लागलेल्या दिवसांत उरणला स्वेटर घेऊन निघालेली बाई म्हणजे एक तर वेडी किंवा खोटारडी. म्हणून मावशींच्या अंगाला जे लागणार, ते आमच्या बॅगेतून जायला हवं होतं.

"आणि तुमच्या अंगाला?"

"दोगींचा सगला पंदरात बसत नाय. मी हातान धरून बगितला ना. मग माजा काडला." त्यांनी स्वतःच्या दंडाचं मांस चिमटीत धरून दाखवलं. "मना ह्यो हाय. तिच्या अंगावर काय हाय? हाडा."

म्हणजे माझे पंधरा दिवस, भाडेकरीणबाईंचं जाकीट, इनर, सगळं मावशींसाठी. ते कपडे मावशींना घालून बघायला तिसऱ्याच एका बाईच्या घरी नेलेले होते आणि तिथून परत याच बॅगेत येणार होते. डॉक्टरांनी छाती झाका म्हणून सांगितलेली बाई मात्र साडीपोलक्यावर बर्फात उभी राहणार होती. आणि मी नवऱ्याला म्हटलं होतं, मला विचार.

मी रागारागाने साड्या गोळा करत होते, आणि त्याच रागात एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आई, मावशींचं तिकीट आहे ना?"

"हाय बोल्लू ना."

"मग त्यांचे पंधरा किलो कुठे आहेत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"पंधरा किलो बॅगेला नसतात, माणसाला असतात! मावशींच्या तिकिटावर आणखी पंधरा किलो आहेत! दोघींचे मिळून तीस होतात!"

बत्तीस वर्षं तराजू धरलेल्या बाईच्या तोंडावर आलेला भाव मी विसरणार नाही. नऊ बायका, महिनाभराचं कारस्थान, ताकास तूर लागू दिली नाही, आणि ही गोष्ट एकीच्याही लक्षात आली नाही. मावशींच्या हातात बॅग असणार नाही, म्हणजे त्यांना वजनही नाही, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. मी कपाळावर हात मारला. मला हसूही येत होतं आणि ते मी दाबत होते, कारण हसले असते तर राग गेला असता आणि तो मला हवा होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितला असता तर तू बोलली असतीस, मग तुमी पन नका जाऊ."

"मी असं कशाला म्हणीन?"

त्या पलंगावरचं एक पोलकं ओढून घडी घालायला लागल्या. तिकीट रद्द करीन, एक फोन करायचाय, हे माझेच शब्द होते आणि आठवड्यात तीन वेळा म्हटलेले. मी स्वतःला जाऊ देणारी समजत होते. खरं म्हणजे मी दोरी धरून बसले होते आणि मावशींचा तो आडमुठा मुलगा जे एकदा बोलून मोकळा झाला, ते मी हप्त्याहप्त्याने बोलत होते. याचा मला फार राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही.

मग मी दुसरी बॅग काढली, माझी स्वतःची, निळी. साताऱ्याला हिवाळ्यात जाते तेव्हा नेते ती. तिच्यात मावशींच्या सात साड्या, सात पोलकी. जाकीट, इनर, स्वेटर त्या तिसऱ्या घरून परत आणून सासूबाईंच्या बॅगेत लावले. मग पुन्हा वर भाडेकरीणबाईंकडे गेले आणि खालमानेने आणखी दोन जोड इनर मागितले. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "अच्छा, दो आंटीजी हैं." निळ्या बॅगेत माझा स्वतःचा स्वेटर टाकला, शाल टाकली, मोजे टाकले. साडीवर काही घालायचं नाही हा ठराव मोडणं माझ्या बापाच्याने झालं नसतं, म्हणून म्हटलं, निदान साडीच्या आतून तरी सगळं असू दे. इनर कसे घालायचे ते सासूबाईंना घालून दाखवायला लावलं. आरशात बघून त्या म्हणाल्या, "सोललेल्या कोलंबीवानी दिसतंय मी." मी म्हटलं, दिसू दे.

त्या रात्री मावशींच्या मुलाला सांगावं का, हे मी नवऱ्याशी बोलले नाही. त्याला सांगितलं असतं तर त्याने पहिलं काम फोन उचलायचं केलं असतं. ते दोघं एका शाळेत होते. मीच ठरवलं की सांगायचं नाही. ज्याने आईला फ्रीज दाखवला त्याला काय सांगायचं, असं मनाशी म्हटलं आणि पेपर तपासायला घेतले. एकाच मुलाला मी त्या दिवशी दोन वेळा मार्क दिले.

निघायच्या दिवशी सकाळी गावाच्या कमानीपाशी गाडी उभी होती. आठ जणी पिवळ्या साड्यांत, हातात पर्स, केसांत अबोली. मावशी शेवटी आल्या, घरातली साधी साडी नेसून, हातात कापडी पिशवी, मान खाली. मी निळी बॅग त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. आधी तिच्यावरून हात फिरवला, मग मला विचारलं, "ही मी परत कवा देऊ?" मी म्हटलं, "आधी जाऊन तर या." गाडी सुटताना सासूबाईंनी खिडकीतून गळ्यापाशी पदर सरकवून मला आतली राखाडी कड दाखवली. नवी मुंबईच्या उकाड्यात इनर घालून निघालेल्या त्या! मी ओरडले, "आत्ता नको, तिकडे गेल्यावर!" पण गाडी गेली.

पुढचे चार दिवस मी फोनवर जगले. सकाळी हवामान, दुपारी हवामान. ऊन दाखवलं की मला बरं वाटायचं, आणि तासाभराने तिथेच ढग. रोज एकच प्रश्न, "आतून घातलंय ना?" रोज एकच उत्तर, "घातलंय गो, डोका नको खाऊ."

पाचव्या दिवशी, रविवारी, जांभळा फोटो आला. पांढऱ्याशुभ्र उतारावर नऊ बायका ओळीत, एका रंगात, पदर खोचून, एकीचेही डोळे मिटलेले नाहीत. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, एवढा की चेहरे फुटायला लागले. सासूबाईंच्या मनगटाशी, बांगड्यांच्या खाली राखाडी कड होती. मावशींच्याही होती. मी मोठ्याने श्वास सोडला. डोंगर कसे होते ते मला आजही सांगता येणार नाही.

पण फोटो फक्त मलाच आला नव्हता. कुणीतरी तो स्टेटसला ठेवला होता. अर्ध्या तासाने दाराशी मावशींचा मुलगा उभा.

"वयनी, तुमाला म्हाईत व्हता?"

खोटं बोलता आलं असतं. "होतं," मी म्हणाले. "बॅग मीच भरली."

मी तयारीत होते. एवढ्या दिवसांची चीड होती, ती कुणावर तरी काढायचीच होती, आणि हा आयता आला होता. आईला जाऊ द्यायला तुमचं काय जात होतं, ती काय तुमच्या घरातलं कपाट आहे का, अशी वाक्यं ओठांवर होती. तो भांडायला उभा राहिला असता तर मी सोडलं नसतं. पण तो आमच्या पायरीवर बसला.

"आत काय घातलाय तिनी?"

मी सांगितलं. दोन जोड इनर, स्वेटर, शाल, लोकरीचे मोजे.

"आनि कानाला?"

मी आठवायला लागले. कानाला काहीच नव्हतं. सासूबाईंची छाती, सासूबाईंची पाठ, याच्यापुढे माझं डोकं गेलंच नव्हतं.

"तिचा डावा कान," तो म्हणाला. "खाडीत उतरून उतरून गेलाय. गार वारा लागला का ठनका लागतो, मग रातभर भिंतीला बसून ऱ्हाते. कोनाला उठवत नाय. मना लहानपनी जाग यायची ना, ती तशीच बसलेली." तो हातातल्या किल्ल्या फिरवत होता. "म्हनून नको बोल्लो."

"मग हेच त्यांना सांगायचं होतंत ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"ती बोलली असती, काय नाय होत मना. मंग मी काय करनार व्हतो?"

मी मोबाईल घेतला आणि सासूबाईंना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, कारण तो ऐकायला पुढे झुकला होता. सासूबाईंनी उचलला तोच खोकत. "आई, खोकताय तुम्ही?"

"ठसका लागला गो. चा पितंय."

तो खरंच ठसका होता. परत आल्यावर डॉक्टरांनी छाती तपासली तेव्हा ती स्वच्छ निघाली. पण त्या क्षणी मी त्यांच्या प्रत्येक श्वासाला कान लावून होते, आणि माझ्या शेजारी बसलेला माणूसही तसाच ऐकत होता. मी काही विचारायच्या आत पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला.

"पोरी," मावशी म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मागे वारा घोंघावत होता. "बर्फ हातान घेतला गो. ओंजलभर. चटका बसतो, खरा हाय. पन सोडवत नाय. माज्या घरी बोलू नको हां. पोरगा जीवाला लावून घेल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मोबाईलकडे बघत होता.

"आये," तो म्हणाला, "कान झाक."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत राहिला. मला वाटलं फोन तुटला. मग कापडाची सळसळ झाली, आणि मावशी म्हणाल्या, "झाकलंय रं."